घरची वही आणि परका हात

या सदराकडे परीक्षणार्थ येणाऱ्या पुस्तकांत गेल्या कांहीं वर्षांपासून एक निराळाच वर्ग वाढत चालला आहे. हीं पुस्तकें दुकानांत मिळत नाहींत. मुखपृष्ठाच्या आंतल्या बाजूस 'खासगी वितरणासाठीं' असा शेरा असतो, आणि किंमतीच्या जागीं 'सप्रेम भेट' असतें. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनास, आजीच्या वर्षश्राद्धास किंवा कुलसंमेलनास तीं छापलीं जातात. कोणाच्या आठवणी, कोणाची रोजनिशी, तर कोणीं परदेशांतून घरीं पाठविलेलीं पत्रें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत असें एखादें तरी पुस्तक असेलच. माझ्या टेबलावर आज अशीं सात पडलीं आहेत, आणि त्यांचें काय करावें या विवंचनेंत मी आहें. कारण आठवें पुस्तक माझ्याच घरांतून निघावयाचें आहे, व त्यावरून घरांत थोडें वाजलें आहे. पण तें मागाहून.

या सातांचीं वा त्यांच्या घराण्यांचीं नांवें मीं येथें दिलेलीं नाहींत. घरच्या पंगतीसाठीं शिजविलेल्या अन्नाची चव चव्हाट्यावर सांगूं नये. परंतु भाषा, मजकूर व मांडणी या तिन्ही दृष्टींनीं त्यांजविषयीं कांहीं बोललें पाहिजे, कारण उद्यां आपल्यापैकीं कोणीहि असें पुस्तक काढणार आहे.

मांडणीचा दोष प्रथम दिसतो म्हणून तोच प्रथम घेतों. सातांपैकीं पांच पुस्तकें गुळगुळीत, जाड कागदावर छापलेलीं आहेत. हा कागद दिव्याखालीं असा चमकतो कीं सत्तरी उलटलेल्या वाचकास पुस्तक दर क्षणीं कलतें करावें लागतें. आणि अशा पुस्तकांचा खरा वाचक तर सत्तरीच्या पुढचाच. एकांत मूळ मजकुरास हात घालण्यापूर्वीं शुभेच्छा, आशीर्वाद, मनोगत व ऋणनिर्देश यांनीं बावीस पानें अडविलीं आहेत. आंत लग्नाचें एक चित्र आहे. त्यांत मीं एकतीस माणसें मोजलीं. खालीं 'अविस्मरणीय क्षण' एवढेंच लिहिलें आहे! त्या एकतिसांत कोण कोठें बसलें आहे हें सांगूं शकणारीं माणसें आज दोन-तीनच उरलीं असतील. तीं गेलीं कीं तो क्षण कायमचा विस्मृतींत जाणार. वंशवृक्ष सर्वांनींच दिला आहे, आणि सहा वृक्षांना मुलींच्या फांद्याच नाहींत. सातवें पुस्तक मात्र साध्या कागदावर, ठसठशीत टाइपांत, बिनचित्रांचें आहे. त्यांत कोणा नातवानें हातानें काढलेला जुन्या घराचा नकाशा आहे: माजघर कोठें, कोठीची खोली कोठें, विहीर परसांत कोणत्या कोपऱ्यास, बाळंतिणीची खोली कोणती. आठवणी वाचतांना मी दहा वेळां तरी त्या नकाशाकडे वळलों. एवढें काम दुसऱ्या कोणत्याहि पुस्तकांतील रंगीत चित्रांनीं केलें नाहीं.

भाषेकडे वळलें म्हणजे मात्र मन खिन्न होतें. सात घरांतील सात माणसें, कोणी वकील, कोणी वैद्य, कोणी शाळामास्तर. पण बोलतात सारीं एकाच घशानें. प्रत्येकाचे वडील 'करारी पण प्रेमळ', प्रत्येकाची आई 'कष्टाची मूर्ति', प्रत्येकाजवळ 'संस्कारांची शिदोरी'. हीं विशेषणें या घरांतून उचलून त्या घरांत ठेवलीं तरी कोणास पत्ता लागणार नाहीं. मग एका पुस्तकांत अचानक दोन पानें अशीं येतात कीं वाचक ताठ बसतो. रेल्वेंत स्टेशनमास्तर असलेले एक गृहस्थ सांगतात कीं नोकरीच्या पहिल्याच रात्रपाळींत त्यांस डुलकी लागली, आणि मालगाडी बाहेर सिग्नलाशीं शिट्या फुंकीत उभी राहिली. पुढील प्रकरणांत तेच गृहस्थ 'कर्तव्यदक्षतेचा वारसा' जपूं लागतात. हा फरक कां पडला, हें शेवटच्या पानावर कळतें. तेथें बारीक अक्षरांत 'शब्दांकन' म्हणून दुसऱ्याच कोणाचें नांव आहे. तीं दोन पानें त्या सुधारकाच्या तावडींतून कशीं सुटलीं, देव जाणे.

परक्या हातानें घरच्या लिखाणाचें काय होतें, याचें आपल्या भाषेंतील सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडशांचें. पेणजवळच्या वरसई गांवचा हा भिक्षुक घरच्या कर्जानें गांजला होता. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा भरपूर मिळणार, असें ऐकून तो १८५७ सालीं आपल्या चुलत्यासह उत्तरेकडे निघाला. दक्षिणेऐवजीं गांठ पडली ती बंडाशीं. झांशीच्या वेढ्यांत तो सांपडला, शहर पडल्यावरची लूट व कत्तल त्यानें डोळ्यांनीं पाहिली, कमाई पुनःपुन्हां लुटली गेली, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरीं परतला व आईबापांस त्यानें गंगाजलानें स्नान घातलें. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून सुमारें पंचवीस वर्षांनंतर त्यानें हें सारें लिहून काढलें. आपल्या हयातींत हें छापूं नये, असें त्याचें सांगणें होतें. सरकारचें भय होतेंच.

वैद्यांनीं तें १९०७ सालीं 'माझा प्रवास' या नांवानें छापलें, पण जसेंच्या तसें नव्हे. भाषा त्यांनीं आपल्या काळच्या वाचकास रुचेल अशी करून घेतली, कांहीं भाग गाळला. जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्रानें गोडसेभटजी वाचले ते वैद्यांच्या पोषाखांत. १९६६ सालीं दत्तो वामन पोतदारांनीं मूळ हस्तलिखितावरून आवृत्ति काढली, तेव्हां खऱ्या भटजींची व आमची भेट झाली. दोन्ही प्रती शेजारीं ठेवून वाचण्यासारख्या आहेत. वैद्यांची प्रत अधिक सुबोध आहे, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. मूळ प्रतींत वाक्यें लांबत जातात, मध्येंच भिक्षुकी वळणाचे शब्द येतात, ऐकीव आणि पाहिलेलें यांची सरमिसळ होते. परंतु दक्षिणा किती मिळाली, जेवण कसें होतें, कोणाचें वस्त्र कसलें होतें, हें टिपणारी ती कोंकणी भटाची नजर मुळांतच सलगपणें भेटते.

काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग पाहा. झांशी सोडून निघालेली राणी तहानेनें व्याकुळ होऊन विहिरीपाशीं येते. भटजी पाणी शेंदावयास पुढें होतात, आणि ती त्यांस थांबविते. विद्वान ब्राह्मणानें आपल्यासाठीं पाणी काढूं नये म्हणून स्वतःच काढते. लक्ष्मीबाईंवर मागाहून पुष्कळ लिहिलें गेलें, पण दोर, विहीर आणि तहान हीं या भिक्षुकाच्याच वहींत राहिलीं. त्याच वहींत बंडाच्या कारणांविषयीं सरकारच्या चौऱ्यायशीं कलमांची एक कथाहि त्यानें मोठ्या भरंवशानें दिली आहे. इतिहास म्हणून ती टिकणारी नाहीं. तरी ती काढून टाकली असती तर त्या काळीं लोक काय बोलत व कशावर विश्वास ठेवीत, हें कळण्याचा एक मार्ग बुजला असता.

वैद्यांस मी दोष देत आहें असें कोणीं समजूं नये. त्यांनीं आग्रह धरला नसता तर भटजींनीं लेखणी उचलली नसती, आणि १९०७ सालीं सत्तावन्नाविषयीं असें पुस्तक छापणें हें धाडसाचेंच काम होतें. शिवाय एक गोष्ट मोलाची झाली. मूळ हस्तलिखित नाहींसें झालें नाहीं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत तें सुरक्षित राहिलें, म्हणूनच पोतदारांस तें छापतां आलें. आजचे नातू आजीची वही संगणकावर उतरवून घेतात, आणि मूळ वही रद्दीच्या गठ्ठ्यांत जाते. असें घडल्याचें या सातांपैकीं एका पुस्तकाच्या प्रस्तावनेंतच लिहिलें आहे, आणि तेंहि जरा कौतुकानें!

मजकुराविषयीं बोलावयाचें तर आठवणी लिहिणारा काय गाळतो हाहि त्याच्या लिखाणाचा भागच होय. रमाबाई रानड्यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांतील 'आमच्या' हा शब्द अर्थपूर्ण आहे. स्वतःकडे फार थोडें लक्ष वेधून त्या यजमानांविषयीं लिहितात. तरीहि लिहिणें-वाचणें शिकणाऱ्या त्या लहान सुनेस घरांतील बायकांचे किती टोमणे सोसावे लागले, हें त्यांनीं लपविलेलें नाहीं. पुस्तक निघालें तेव्हां त्या प्रतिष्ठेच्या शिखरावर होत्या. त्यांनीं ठरविलें असतें तर तो भाग 'एकत्र कुटुंबांतील गोड दिवस' या सदराखालीं सहज झांकतां आला असता.

अण्णासाहेब कर्व्यांच्या घरीं तर दोन पुस्तकें झालीं. अण्णांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालचें, आणि आनंदीबाईंचें, म्हणजे बायांचें, 'माझें पुराण' १९४४ सालचें. अण्णांचें पुस्तक हिशेबाच्या वहीसारखें स्वच्छ आहे. अनाथबालिकाश्रम कसा निघाला, पैसा कसा जमला, कोणीं विरोध केला, तें सारें त्यांत क्रमानें येतें. त्याच काळांत घरचा संसार कोणत्या ओढाताणीनें चालला होता, तें मात्र बायांपासून ऐकावें. बालविधवा म्हणून आलेली ही बाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकली, १८९३ सालीं अण्णांशीं तिचा पुनर्विवाह झाला, आणि पुढें नागपुरास जाऊन तिनें सुइणीचें काम शिकून घेतलें. ती लिहिते तें बोलल्यासारखें, क्वचित् फटकळपणानें. एकाच उंबऱ्याच्या आंतल्या त्या दोन पुस्तकांत कोणतें खरें, असा प्रश्न मला एका तरुण वाचकानें विचारला होता. दोन्ही वाचावींत, पण 'आत्मवृत्ता'नंतर 'पुराण' वाचावें, असें मीं त्यास सांगितलें. सून कावेरीबाईंनीं बायांच्या त्या बोलण्याचें पुस्तक केलें, पण सासूबाईंचा आवाज बदलला नाहीं. शब्दांकन करणारांनीं हें पुस्तक उशाशीं ठेवावें.

आणि कबुलीजबाबाचीच लाज वाटत असेल तर नाना फडणिसांचें त्रोटक आत्मचरित्र पाहावें. पानिपतावरून जीव घेऊन परतलेला हा मनुष्य आपल्या तरुणपणींच्या विषयवासनेबद्दल जें लिहून ठेवतो, तें आजच्या कुलवृत्तांताच्या संपादकानें खासच गाळलें असतें.

आतां आमच्या घरचें. माझ्या आजीची एक वही आहे. शके १८६३ ते १८७५ अशा बारा वर्षांची, म्हणजे १९४१ पासून १९५३ पर्यंतची. रोजची नव्हे, मनांत येईल तेव्हां लिहिलेली. दूधवाल्याचा हिशेब, भाजणीचें प्रमाण, कोणाला कोणत्या तिथीस गोंवर आला, आणि मध्येंच दोन-चार वाक्यें. नमुना म्हणून एक देतों: 'पाहुणे अकरा. दूध दीड शेर. ताक वाढवलें.' माझे वडील चुलतबंधु, ज्यांस आम्ही सारे दादा म्हणतों, यांनीं ही वही मोठ्या कष्टानें उतरून काढली व छापण्यायोग्य केली. त्यांच्या प्रतींत तें वाक्य असें झालें आहे: 'आलेल्या पाहुण्यांचें आगतस्वागत करण्यांत आम्हांस नेहमींच धन्यता वाटे.' मला हसूं आवरलें नाहीं, आणि दादांस तें आवडलें नाहीं. त्यांची सेवा खरी आहे. सहा महिने ते भिंग घेऊन त्या फिकट शाईशीं झगडत होते.

पण भांडण त्या ताकावरून झालें नाहीं. शके १८६५ च्या एका पानावर आजीनें लिहिलें आहे: 'वन्संना हिंगण्यास शिकावयास ठेवावें असें त्यांच्या धाकट्या दिरांचें पत्र आलें. मामंजी नको म्हणाले. मीहि बोललें नाहीं. मला सोवळ्यांतलें माणूस हवें होतें.' या वन्सं म्हणजे आमची आत्याआजी. अठराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आलेली. आमच्या घरचा सोवळ्याचा स्वयंपाक तिनें पुढें पंचवीस वर्षें केला आणि १९६८ सालीं ती गेली. दादांच्या प्रतींत हें पान नाहीं.

त्यांनीं मला सविस्तर पत्र लिहिलें. त्यांतील म्हणणें उडवून लावण्याजोगें नाहीं. आजीनें ही वही जगासाठीं लिहिली नव्हती. गोडसेभटजींनीं निदान 'माझ्यामागें छापा' असें सांगितलें. आजीनें तसेंहि कांहीं सांगितलें नाहीं. मग तिच्या मनांतली टोंचणी चार लोकांत मांडण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? आणि पणतवंडांनीं तिला ओळखावें तें याच चार वाक्यांवरून काय? मला दोन दिवस यावर उत्तर सुचलें नाहीं. वही छापूंच नये, हाहि मार्ग प्रामाणिक आहे, हें मला मान्य आहे. छापावयाची, पण आजीला धुवून-पुसून, हें मात्र मला पटेना.

मग मीं मूळ वही मागवून घेतली. दादांनीं ती तत्काळ पाठविली, हा त्यांचा मोठेपणा. वहीच्या पानांस आजीनें स्वतः आंकडे घातले आहेत. ते पाहत गेलों तेव्हां बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस आलें. मधलीं दोन पानें, म्हणजे एक ताव, शिवणीपाशीं पट्टी लावून नीट फाडलेला आहे. लहान मुलाचें किंवा उंदराचें तें काम नव्हे. त्या पानांवर काय होतें कोण जाणे. पण जें कोणास दिसूं नये असें तिला वाटलें तें तिनें काढून टाकलें, आणि वन्संचें पान, एकोणसाठावें, तिनें राहूं दिलें. पुढें कित्येक वर्षें ती वही तिच्याच पेटींत होती.

हें मीं दादांस कळविलें. त्यांचें उत्तर येण्यापूर्वीं मी आमच्या काकूंकडे गेलों. त्या आज एक्याण्णव वर्षांच्या आहेत, आणि आत्याआजीबरोबर त्या स्वयंपाकघरांत त्यांनीं पंधरा वर्षें काढलीं. पान वाचून दाखविलें. त्यांनीं तें पुन्हां वाचावयास सांगितलें. मग म्हणाल्या, "आत्याबाई रात्रीं भांडीं आवरल्यावर मुलांच्या शाळेचीं पुस्तकें वाचीत बसायच्या. आम्हांला वाटे, झोंप येत नसेल." थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "त्यांचें नांव घातलंस का रे त्या झाडांत?"

झाडांत, म्हणजे वंशवृक्षांत, नव्हतें. परक्या घराण्यांच्या सहा वृक्षांस मीं वर नांवें ठेवलीं. आमचा सातवा तसाच होता, आणि तो तर मींच काढलेला.

आतां ठरलें आहे तें असें. आजीचीं वाक्यें तिचींच राहतील. ताक ताकच राहील. अडणाऱ्या शब्दांचा अर्थ पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत येईल, आणि शकाच्या शेजारीं इसवी सन चौकटी कंसांत, म्हणजे तो आमचा, हें कळेल. फाडलेल्या पानांच्या जागीं 'येथें दोन पानें नाहींत' एवढेंच छापावयाचें. कागद साधा, चित्रें चारच, पण प्रत्येकांतील प्रत्येक माणसाचें नांव डावीकडून क्रमानें. त्यांतील पांच माणसें अद्याप ओळखूं आलेलीं नाहींत. काकूंचें दुसऱ्या डोळ्याचें शस्त्रकर्म पुढल्या महिन्यांत आहे, तें झालें कीं पुन्हां पाहावयाचें. मूळ वही एखाद्या चांगल्या ग्रंथसंग्रहालयांत द्यावी असें माझें मत आहे, पण दादा ती सोडावयास तयार नाहींत.

एकोणसाठाव्या पानाविषयीं दादांचें पत्र परवां आलें. संमति आहे, पण प्रस्तावनेवर ते सही करणार नाहींत. ती सही मग माझी एकट्याचीच राहील. मुद्रितें आलीं आहेत. वंशवृक्षांत मुलींच्या फांद्या काढतांना जागा पुरेना, म्हणून तें पान आतां दुमडून घालावें लागणार आहे.